नेट चालतंय, पण शेअरिंग बंद: छोट्या ऑफिसातला गुंता सोडवायची पद्धत

जीएसटीचं थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायची २० तारीख. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात त्या दुपारी चार मशीनवर आर्टिकलशिपची मुलं बसलेली असतात. टॅलीचा डेटा पाचव्या मशीनवर, प्रिंटर सहाव्याला यूएसबीने जोडलेला, आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवर निरोप येतो की नेटवर्क पाथ सापडत नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो करतो. कोणी फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारा, बंद करतं, कोणी अँटिव्हायरस काढून टाकतं, कोणी यूट्यूबवरच्या व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, हात घालतं. संध्याकाळपर्यंत कधीकधी प्रिंट निघतेही, पण नेमकी कशामुळे निघाली ते कळत नाही, आणि आठवड्याभरात दुसरंच काहीतरी बंद पडतं.

हा लेख अशाच ऑफिसांसाठी आहे: तीन ते पंधरा मशीन, इंटरनेटवाल्याने दिलेला एक राउटर, एखादा स्विच (सगळ्या मशीनच्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि पगारावर ठेवलेला आयटीवाला नाही. वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो, वाशीतला दवाखाना असो की ठाण्याच्या कोर्टनाक्यावरचं टायपिंग-झेरॉक्स सेंटर, रचना साधारण सारखीच असते. विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत असली तरी मशीनवर ती अर्थातच इंग्रजीत दिसतील आणि इंग्रजीतच टाइप करायची आहेत.

पद्धत एकच: खालून वर जायचं. आधी वायर, मग आयपीचे आकडे (नेटवर्कवरचा प्रत्येक मशीनचा पत्ता), मग विंडोजचं प्रोफाइल, मग युजर-पासवर्ड, मग परवानग्या, आणि सगळ्यात शेवटी प्रिंटर. बहुतेक लोक उलटं करतात, कारण एरर प्रिंटरच्या खिडकीत दिसते. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच तपासा. उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्या आणि मगच पुढे जा.

हात लावण्याआधी विचारायचं ते

काल चालत होतं का? एकाच मशीनला त्रास आहे की सगळ्यांना? मधल्या काळात काय बदललं?

तिसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी "काहीच नाही" असं येतं. थोडं खोदा. इंटरनेटवाला बदलला, नवा राउटर बसवला, साहेबांनी नवीन लॅपटॉप आणला, विंडोजने रात्री अपडेट घेतला, कोणीतरी लॉगिनचा पासवर्ड बदलला, यातलं एक हमखास निघतं. सगळ्यांना त्रास असेल तर दोष ज्या मशीनवर फोल्डर किंवा प्रिंटर आहे त्यात, नाहीतर स्विच-राउटरमध्ये. एकालाच असेल तर त्या एकाच्याच मशीनमध्ये शोधा. एवढ्या विचाराने अर्धं काम कमी होतं.

ज्या मशीनवर डेटा असतो त्याला सगळं ऑफिस 'सर्व्हर' म्हणतं, मग तो साधा पीसी का असेना. मीही इथे तसंच म्हणतो.

वायर

सर्व्हरच्या मागे केबल लागते तिथे आणि स्विचच्या त्या पोर्टला दिवा लागलाय का बघा. नसेल तर केबल दुसऱ्या पोर्टला लावा, मग दुसरी केबल लावून बघा. ठाण्यात आणि नवी मुंबईत जूनपासून पुढचे चार महिने हा मुद्दा जरा जास्तच लक्षात ठेवायचा. खिडकीतून किंवा डक्टमधून नेलेल्या केबलच्या कनेक्टरवर ओल धरते, धातूच्या पात्या काळ्या पडतात, आणि जोडणी मधूनच लागते-सुटते. असा कनेक्टर पुसत बसू नका, कापून नवा ठोकून घ्या.

केबल चालू आहे पण फाइल रखडत कॉपी होते, तर स्पीड बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते. जागा वाचवायला एकाच केबलमधून दोन मशीन काढून देणारे वायरमन आपल्याकडे भरपूर आहेत. तसं केलं असेल तर १०० च्या वर जाणं शक्यच नाही. टॅलीला ते चालून जाईल, ऑटोकॅडच्या मोठ्या फाइल उघडणाऱ्याला नाही.

आणि एक भन्नाट प्रकार: अचानक सगळ्या ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट एकदमच झोपतं, आणि स्विचवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. साफसफाईत टेबलाखाली लोंबणारं केबलचं मोकळं टोक कोणीतरी "सुटलं असेल" म्हणून त्याच स्विचमध्ये खोचलेलं असतं. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की तोच डेटा गोल फिरत राहतो. टोक काढलं की मिनिटभरात सगळं ठीक.

आकडे

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग कमांड द्या. सर्व्हरवर आणि अडलेल्या मशीनवर, दोन्हीकडे. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' पुढचा आकडा कागदावर लिहा.

सर्व्हर १९२.१६८.१.१० आणि दुसरं मशीन १९२.१६८.१.२५ असेल तर पहिले तीन भाग सारखे आहेत, पुढे चला. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच एक घेतलाय. परत वायरकडे जा, राउटर बंद-चालू करा.

सर्व्हर १९२.१६८.१ मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये असेल, तर ऑफिसात दोन राउटर एकामागे एक लागलेत. हे फार दिसतं: इंटरनेटवाल्याचा फायबरचा डबा बाहेर, आतल्या केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून आणलेला दुसरा वायफाय राउटर. दुसऱ्याच्या मागे असलेल्यांना इंटरनेट मिळतं, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण ऑफिसचे दोन वेगळे तुकडे झालेले असतात. उपाय: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला पहिल्याच रांगेतला एखादा मोकळा पत्ता द्या, आणि येणारी केबल 'वॅन' ऐवजी 'लॅन' पोर्टमध्ये लावा.

आकडे जुळतात, तरी वायफायवरचं मशीन कोणालाच पाहू शकत नाही? मग ते गेस्ट वायफायला जोडलंय का बघा. गेस्ट नेटवर्कवर उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. पाहुण्यांसाठी ते योग्यच आहे, आपल्या माणसांनी मात्र मुख्य नेटवर्कवर यायचं. काही राउटरांत मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' नावाचा पर्याय असतो, तो बंद हवा.

हे सगळं जुळलं की राउटरमध्ये जाऊन सर्व्हरला आणि प्रिंटरला त्यांचे पत्ते कायमचे राखून ठेवा. बहुतेक राउटरांत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाने हे मिळतं. राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ते बदलल्यामुळे येणारी निम्मी दुखणी इथेच संपतात.

दिसत नाही म्हणजे बंद आहे असं नाही

फाइल एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क'वर क्लिक केलं आणि सर्व्हर दिसला नाही, की लोक तिथेच अडकतात. ती यादी मुळातच भरवशाची नाही. ती नीट भरायला विंडोजच्या चार सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) चालू लागतात, आणि त्या सगळ्या व्यवस्थित असूनही एखादं मशीन यादीत उशिरा येतं. म्हणून यादीकडे बघूच नका. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचा पत्ता टाइप करा, \\१९२.१६८.१.१० असा, आणि एंटर मारा.

फोल्डर दिसले तर शेअरिंग चालू आहे. उजवं क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करा, कामाला लागा.

पत्त्याने उघडतं पण सर्व्हरच्या नावाने उघडत नाही, तर अडचण फक्त नाव ओळखण्याची आहे. पत्ता राखून ठेवला असेल तर पत्त्यानेच ड्राइव्ह मॅप करा, काही बिघडत नाही. मशीनचं नाव ठेवताना १५ अक्षरांच्या आत, इंग्रजीत आणि स्पेस न देता ठेवा. यादीही हवीच असेल तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, तिथे 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन', 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट', 'एसएसडीपी डिस्कव्हरी' आणि 'यूपीएनपी डिव्हाइस होस्ट' या चौघी चालू करा, आणि पहिली ऑटोमॅटिकवर ठेवा.

जुन्या लोकांना होमग्रुप आठवत असेल. तो २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढला, आता शोधू नका.

पब्लिक की प्रायव्हेट

राउटर बदलल्यावर शेअरिंग बंद पडलं, तर संशयित नंबर एक हाच. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवं नेटवर्क, आणि नव्या नेटवर्कला विंडोज स्वतःहून 'पब्लिक' मानतं, जणू तुम्ही स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलाय. मग बाहेरून येणारं सगळं अडवतं.

सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा. मग 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' मधून 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडून प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. पब्लिकखाली दोन्ही बंदच राहू द्या. लॅपटॉप उद्या कुठे जाईल सांगता येत नाही.

तरीही \\ ने उघडत नसेल तर अडलेल्या मशीनवरून सर्व्हरला पिंग करा, म्हणजे काळ्या खिडकीत 'पिंग' आणि सर्व्हरचा पत्ता देऊन तो उत्तर देतो का बघा. उत्तर आलं नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण विंडोजची फायरवॉल पिंगलाही अडवू शकते. पिंग फसल्यावर लगेच 'एआरपी -ए' ही कमांड द्या. यादीत सर्व्हरच्या पत्त्यासमोर सहा जोड्यांचा फिजिकल ॲड्रेस दिसला, तर वायर ठीक आहे, सर्व्हर जिवंत आहे आणि फायरवॉल अडवतेय. काहीच दिसलं नाही तर पुन्हा वायरकडे. ही युक्ती खूप फेऱ्या वाचवते.

नेमकं हवं असेल तर पॉवरशेल या कमांडच्या दुसऱ्या खिडकीत 'टेस्ट-नेटकनेक्शन' कमांडला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ४४५ द्या. हा पोर्ट म्हणजे केबलचं भोक नाही, मशीनच्या आतल्या दाराचा नंबर. विंडोजचं शेअरिंग या पोर्टवरून चालतं. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की रस्ता मोकळा. 'फॉल्स' आलं आणि विंडोजच्या सेटिंग वरच्याप्रमाणे असतील, तर विकतच्या अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असते ती बघा. तिच्यातही हे नेटवर्क 'ट्रस्टेड' किंवा 'होम' करावं लागतं. फायरवॉल तपासण्यापुरती दोन मिनिटं बंद करून पाहायला हरकत नाही, पण बंद ठेवून घरी जाऊ नका. आणि राउटरमध्ये ४४५ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडायचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नका.

युजर आणि पासवर्ड

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे मीही जरा थांबतो.

सर्व्हरला जोडायला गेलात की विंडोज युजरनेम आणि पासवर्ड विचारतं. तो तुमच्या मशीनचा नाही, सर्व्हरवर असलेल्या खात्याचा द्यायचा. आणि पिन चालत नाही. रोज चार आकडे टाकून मशीन उघडणाऱ्याला आपला खरा पासवर्ड काय हेच आठवत नसतं. तो चारच आकडे टाकत राहतो आणि विंडोज "पासवर्ड चुकला" म्हणत राहतं. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर जात नाही. पासवर्ड रिकामा ठेवला असेल तरी चालत नाही, कारण बिनपासवर्डाचं खातं नेटवर्कवरून आत येऊ द्यायचं नाही असा विंडोजचा नियम आहे.

सर्व्हरवर ईमेलचं मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि त्याचाच पासवर्ड लागतो. हा रस्ता मला पटत नाही. साहेबांच्या ईमेलचा पासवर्ड सगळ्या ऑफिसला माहीत असणं बरं नाही, आणि त्यांनी तो बदलला की त्याच दिवशी सगळ्यांचं काम थांबतं.

त्यापेक्षा शेअरिंगसाठी सर्व्हरवर वेगळं लोकल खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', मग 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारल्यावर "या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही" हा पर्याय घ्या, त्यापुढे "मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा". नाव साधं ठेवा, पासवर्ड बऱ्यापैकी लांब. ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. होम आवृत्तीतही हे जमतं.

मग प्रत्येक मशीनवर कंट्रोल पॅनेलमधलं 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा. 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये सर्व्हरच्या जुन्या नोंदी असतील त्या सगळ्या काढा. नवीन नोंद करा: पत्ता सर्व्हरचा, युजरनेममध्ये सर्व्हरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि खात्याचं नाव, मग पासवर्ड. खात्याच्या आधीचं सर्व्हरचं नाव आणि रेघ महत्त्वाची आहे, नाहीतर विंडोज ते नाव स्वतःच्याच मशीनवर शोधू शकतं.

"एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त युजरनेमने जोडता येत नाही" असा १२१९ नंबरचा एरर आला तर आधीची जोडणी अजून लटकलेली आहे. काळ्या खिडकीत 'नेट यूज' देऊन यादी बघा, मग 'नेट यूज * /डिलीट' द्या आणि नव्याने जोडा. त्या क्षणी कोणाची फाइल उघडी नाही ना, ते आधी विचारा.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाकायचा सोपा उपाय सगळीकडे सांगतात. नका करू. वायफायचा पासवर्ड ज्या ज्या क्लायंटच्या मोबाईलमध्ये आहे, त्या प्रत्येकाला मग तुमच्या फोल्डरचा रस्ता मोकळा होतो.

फोल्डर उघडतो, सेव्ह होत नाही

सर्व्हरपर्यंत पोचलात पण "ॲक्सेस डिनाइड" आलं, तर परवानग्या दोन ठिकाणी असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन आणि फ्लॅटला कुलूप, तसंच. दोघांनीही सोडलं पाहिजे, आणि जो जास्त कडक त्याचंच चालतं.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' टॅबखाली 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', तिथे 'परमिशन्स'. इथे बहुतेकदा 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' असतं. त्या जागी आपलं नवीन खातं घाला आणि 'चेंज' द्या. मग 'सिक्युरिटी' टॅबमध्ये त्याच खात्याला 'मॉडिफाय'. पूर्ण ड्राइव्ह शेअर करू नका, कामाचा एकच फोल्डर करा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, एका मशीनमध्ये शिरलं की त्या मशीनला लिहायची परवानगी असलेलं सगळं शेअर केलेलंही कुलूपबंद होतं, त्यामुळे जितकं कमी उघडं तितकं बरं. बॅकअप मात्र न जोडलेल्या डिस्कवर हवा.

एक्सेल फाइल "दुसऱ्याने उघडली आहे" म्हणते आणि ऑफिसात कोणीच उघडलेली नाही, तेव्हा सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्यात 'ओपन फाइल्स' बघा. कोणत्या खात्याने धरून ठेवलीय ते तिथे दिसतं, आणि उजव्या क्लिकने सोडवता येतं. म्हणूनही सगळ्यांना एकच खातं देण्यापेक्षा माणशी वेगळं दिलेलं बरं, पाच-सात माणसांच्या ऑफिसात तेवढे कष्ट परवडतात.

विंडोज १० किंवा ११ एका वेळी बाहेरून २० जोडण्याच घेतं. पंधरा माणसं आणि त्यांचे दोन-तीन लॅपटॉप झाले की ही मर्यादा टोचायला लागते. तेव्हा खरा सर्व्हर किंवा नॅस (थेट नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्यायची वेळ झाली.

टॅली आणि मॅप केलेला ड्राइव्ह

मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि डबल क्लिक केलं की उघडतो, तर तो दोष नाही. सकाळी विंडोज वायफाय जोडायच्या आधीच ड्राइव्ह शोधतं, एवढंच. टॅली 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं आणि त्याला तुमचा झेड ड्राइव्ह दिसला नाही, तर घाबरू नका. ॲडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला साध्या युजरने मॅप केलेले ड्राइव्ह सहसा दिसत नाहीत. टॅली नेहमीसारखंच उघडा, किंवा डेटाचा मार्ग \\ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता देऊन घाला.

टॅलीचा डेटा वायफायवरून चालवू नये, या मतावर मी ठाम आहे. व्हाउचर सेव्ह होताना जोडणी तुटली की डेटा बिघडतो. सर्व्हरसोबत स्विच आणि राउटरही यूपीएसवर हवेत. बत्ती क्षणभर लपकली तरी पीसी तग धरतो, पण स्विच रीस्टार्ट होतो आणि परिणाम तोच. आणि एकापेक्षा जास्त मशीनवर एकाच वेळी टॅली वापरायचं तर गोल्ड लायसन्स लागतं. सिल्व्हर एकाच मशीनसाठी आहे, तिथे नेटवर्कला दोष देऊन काही होणार नाही.

जुनी मशीन

एखादं विंडोज एक्सपी किंवा जुनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं) मशीन जोडायचं म्हणून 'एसएमबी १', म्हणजे विंडोजच्या शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करा असं सांगणारे भेटतील. मे २०१७ मधलं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून जगभर पसरलं. त्याच वर्षीच्या उत्तरार्धापासून विंडोज १० सोबत ती पद्धत मुळात बसवलेली येत नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असं मशीन असलंच तर पेनड्राइव्ह चालू ठेवा, सगळ्या ऑफिसचं दार उघडू नका.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी दोन बदल आले. प्रो आवृत्ती बिनपासवर्डाच्या गेस्ट शेअरला जोडायला नकार देते, आणि प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागते. त्यामुळे राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क किंवा जुनं नॅस नव्या लॅपटॉपवर अचानक उघडेनासं होतं, जुन्या लॅपटॉपवर मात्र चालतं. उपकरणाचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, त्यावर पासवर्डचं खातं काढा. दोन्ही जमत नसेल तर ते उपकरण बदलायचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विसंबून राहणं हाही फार दिवसांचा उपाय नाही.

आता प्रिंटर

सुरुवात प्रिंटर ज्या मशीनला जोडलाय तिथून. त्याच मशीनवरून टेस्ट पेज काढा. तिथेच निघत नसेल तर नेटवर्कचा प्रश्नच नाही. कागद, टोनर, यूएसबी केबल, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) यात शोधा.

रांगेत जॉब अडकलाय, डिलीट होत नाही, तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल काढून टाका. फाइल काढायच्या, फोल्डर नाही. मग स्पूलर सुरू करा.

टेस्ट पेज निघालं की प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'शेअरिंग' टॅबमध्ये शेअरचं नाव छोटं, स्पेस नसलेलं ठेवा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, स्क्रीन बंद झालेली चालेल. "दुपारी जेवून आलो की प्रिंटर ऑफलाइन" या तक्रारीचं कारण बहुतेकदा झोपलेलं मशीन असतं. प्रिंटर कोणाच्या लॅपटॉपला जोडलेला नसावा हे वेगळं सांगायला नको, पण ऑफिसांत दिसतो.

दुसऱ्या मशीनवर जोडताना \\ आणि पत्ता टाकून प्रिंटरवर डबल क्लिक करा. ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड मागेल. हा नियम प्रिंटनाइटमेअर नावाच्या त्रुटीनंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून आला. कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० सारखे, आपल्याकडे कोर्टनाक्यापासून बेलापूरपर्यंत सगळीकडे सापडणारे प्रिंटर फक्त यूएसबीचे आहेत आणि ते पूर्णपणे ड्रायव्हरवर चालतात. म्हणून प्रत्येक मशीनवर त्या मशीनच्या ३२ किंवा ६४ बिटप्रमाणे कंपनीचा ड्रायव्हर आधीच बसवून ठेवा, मग जोडा.

जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर आला, तर तो सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा बदलातून आलेला. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा, असं सांगणारे शेकडो व्हिडिओ आहेत. तसं केलं की प्रिंट निघते, आणि जे भोक बुजवलं होतं तेही पुन्हा उघडतं. आधी दोन्ही मशीनचे विंडोज अपडेट पूर्ण करा. एक मशीन अपडेटेड आणि दुसरं मागे, हे मुख्य कारण असतं. '७०९' शेवटी असलेल्या एररचंही साधारण तसंच, विशेषतः नवं विंडोज ११ आणि जुनं विंडोज यांच्यात.

अपडेट करूनही जमलं नाही तर हा रस्ता वापरा, मला तो आवडतो कारण कुठलीच सुरक्षा ढिली करावी लागत नाही. 'ॲड प्रिंटर'मध्ये मॅन्युअल पर्याय घ्या, 'लोकल प्रिंटर' निवडा, 'क्रिएट अ न्यू पोर्ट'मध्ये 'लोकल पोर्ट', आणि पोर्टचं नाव म्हणून \\ सर्व्हरचं नाव \ प्रिंटरचं शेअर नाव असं सलग, मधे स्पेस न देता लिहा. पुढे स्वतःच्या मशीनवर बसवलेला ड्रायव्हर निवडा. विंडोजला वाटतं प्रिंटर इथलाच आहे, जॉब मात्र सर्व्हरला जातो.

नेटवर्कचाच प्रिंटर असेल, म्हणजे त्याला स्वतःची केबल किंवा वायफाय असेल, तर शेअरिंगच्या भानगडीत पडूच नका. पत्ता राखून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट'ने जोडा. विंडोज स्वतःहून जोडतं तेव्हा 'डब्ल्यूएसडी' पोर्ट लावतं, तो अधूनमधून प्रिंटर हरवतो. प्रिंटर चालू असून विंडोज ऑफलाइन दाखवतंय? पोर्टच्या 'कॉन्फिगर'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची टिक काढा. पुढचा प्रिंटर घेताना शे-दोनशे पानांच्या टोनरचा हिशोब करण्यापेक्षा मागे लॅन पोर्ट आहे का ते आधी बघा.

स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही

झेरॉक्स सेंटरांत आणि वकिलांच्या ऑफिसांत जुन्या घेतलेल्या मोठ्या मल्टिफंक्शन मशीनचं हे नेहमीचं दुखणं. प्रिंट निघते, स्कॅन मात्र सर्व्हरच्या फोल्डरपर्यंत पोचत नाही. आधी बघा, मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि खातं अजून तेच आहे का. पासवर्ड बदलला असेल तर तिथेही बदलावा लागतो, आणि ते कोणाच्याच लक्षात नसतं. पासवर्डमध्ये चित्रविचित्र चिन्हं असली तर काही मशीनना ती पचत नाहीत, स्कॅनसाठी वेगळं खातं काढून त्याला अक्षर-आकड्यांचाच पण लांब पासवर्ड द्या आणि त्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरची परवानगी ठेवा.

तेही बरोबर असेल तर मशीन बहुधा फक्त एसएमबी १ बोलतं. फर्मवेअर अपडेट मिळतो का ते डीलरला विचारा. नाही मिळाला तर त्याच मशीनमधला 'स्कॅन टू ईमेल', किंवा मागे पेनड्राइव्ह लावून स्कॅन, यावर काम चालवा.

हे सगळं एकदा लागलं की सर्व्हरचा आणि प्रिंटरचा पत्ता, शेअरची नावं, आणि शेअरिंगच्या खात्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड त्या कागदावर नको. पुढच्या वेळी तुम्ही नसाल तेव्हा हार्डवेअरवाल्याला तोच कागद आधी दाखवायला सांगा, आणि तो आल्यावर पहिल्याच मिनिटात फायरवॉल बंद करायला लागला तर त्याला थांबवून विचारा की पोर्ट ४४५ तपासला का.